बिअर शॉपीचा जुना फ्रीज

१. गोष्ट कशी निघाली

आम्ही अकरा जणी. आमचा बचत गट आहे. संगमनेर तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गाला लागून आमचे गाव. फाट्यावर एस.टी. थांबते. तिथे आमचा एक लहानसा गाळा आहे. ही हकिगत २०१८ सालच्या उन्हाळ्याची.

आमच्याकडे दुधाला तोटा नाही. घरोघरी दोन-चार गाई. दूध डेअरीला जाते. आम्ही ठरविले, रोज थोडे दूध मागे ठेवायचे, ते विरजायचे आणि फाट्यावर ताक विकायचे. एका पेल्याला दहा रुपये. दूध, मीठ, जिरे, पेला, सगळे धरून खर्च सहा रुपये. म्हणजे पेल्यामागे चार रुपये उरत.

सकाळचे ताक गोड लागे. ते हातोहात खपे. पण बारा वाजले की ऊन तापे आणि ताक आंबे. गंमत बघा, गिऱ्हाईक खरे तहानलेले असते ते दुपारी, आणि आमचे ताक तेव्हाच आंबट! उरलेले सगळे गुरांच्या आंबोणात जाई. मग जी ती म्हणू लागली, "आपल्याला एक फ्रीज हवा बाई."

फाट्याच्या पलीकडे एक बिअर शॉपी होती. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. महामार्गाच्या फार जवळ दारूची दुकाने नकोत, असा तो निकाल. १ एप्रिल २०१७ पासून आमच्या फाट्यावरची ही शॉपी बंद झाली. तिच्यातला मोठा फ्रीज मात्र तिथेच उभा राहिला. माणसाहून उंच. काचेची दोन दारे. मालक गावातलेच. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊ म्हणाले, "नऊ हजार द्या आणि घेऊन जा. नवा घ्यायला गेलात तर अठ्ठावीस-तीस हजार मोजाल."

नऊ हजार! आमच्या तोंडाला पाणी सुटले. गटाच्या खात्यात तेव्हा ३३,००० रुपये होते. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून अकरा जणींनी अडीच वर्षांत जमविलेले. त्यातूनच कोणाचे आजारपण निघे, कोणाच्या मुलाची फी जाई.

त्या रात्री वर्गात सगळ्या जमलो. बोलणे निघाले. मधल्या आळीतल्या काकू तोवर गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "त्या फ्रीजने माझं दीड एकर रान गिळलंय. ते धूड माझ्या डोळ्यांसमोर नको."

कोणी काही बोलले नाही. काकूंच्या घरात काय झाले, ते साऱ्या गावाला ठाऊक होते.

थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "पण माझ्या रागापायी गटाचं नुकसान नको. तुम्ही तो नीट तपासा. चांगला निघाला तर घ्या. मी हात वर करीन."

वर्गाच्या ताई म्हणाल्या, "काकू, गार करणारी यंत्रे आधी बिअरच्या कारखान्यांनीच उचलून धरली. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे नावाचे एक अभियंते होते. १८७० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी अशी यंत्रे केली, ती बिअर करणाऱ्यांसाठी. पुढे त्याच युक्तीवर दूध टिकू लागले. लहान मुलांच्या लशीही तशाच फ्रीजमध्ये राहतात. यंत्राला व्यसन नसते. ते कामाला येते की नाही, एवढेच बघायचे."

"मग बघू या," काकू म्हणाल्या. "वही मी धरते."

२. फ्रीज गार कसा होतो?

तपासायचे तर आधी वस्तू कळली पाहिजे. ताईंनी आम्हांला माठाची आठवण दिली.

माठातले पाणी झिरपते. बाहेर येऊन त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातून जाते. म्हणून पाणी गार होते.

फ्रीजचेही तसेच. त्याच्या नळ्यांत एक द्रव असतो. आपण त्याला नुसते 'गॅस' म्हणतो. आतल्या नळीत त्या द्रवाची वाफ होते आणि ती आतली उष्णता ओढून घेते. मग मोटरवर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या जाळीत ढकलतो. जाळीत ती उष्णता बाहेर टाकते आणि तिचा पुन्हा द्रव होतो. फेरी अशी चालू राहते.

म्हणजे फ्रीज थंडी 'तयार' करीत नाही. आतली उष्णता तो बाहेर नेऊन टाकतो. म्हणून तर फ्रीजची जाळी गरम लागते. दाराचे रबर फाटले, तर बाहेरची उष्णता पुन्हा आत शिरते. जाळी धुळीने भरली, तर उष्णता बाहेर पडत नाही. गॅस गळला, तर उष्णता वाहून न्यायला कोणी उरत नाही. तीनही वेळा मोटर उगाच धावते आणि बिल वाढते.

आणखी एक गोष्ट. बाटल्यांच्या फ्रीजला काचेचे दार असते. गिऱ्हाइकाला माल दिसावा, म्हणून. पण काचेतून उष्णता आत यायला सोपे जाते. घरच्या फ्रीजच्या जाड दारातून ती तितकी येत नाही. असा फ्रीज म्हणूनच वीज जास्त खातो.

३. मागची पाटी वाचली

दुसऱ्या दिवशी पाच जणी शॉपीत गेलो. भाऊंनी शटर उघडले. फ्रीजच्या मागे एक लहानशी पाटी होती. तिच्यावर धूळ बसली होती. आक्कांनी पदराने पुसली.

पाटीवरची अक्षरे इंग्रजी. पण अंक काय, आता ते आम्हांला येतात. एस.टी.वर तेच, फोनवर तेच. अक्षरे वाचायला आक्कांची आठवीतली नात होती. तिने अक्षरे वाचली, आम्ही अंक वाचले, काकूंनी वहीत लिहिले:

२३० व्होल्ट.
२.४ अँपिअर.
गॅस: आर-१३४अ.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करायचा. २३० गुणिले २.४ म्हणजे ५५२. त्यावरून यंत्र जास्तीत जास्त किती वीज ओढेल, त्याचा अंदाज येतो. अंदाजच हं! खरा आकडा मीटर सांगतो.

गॅसचे नावही महत्त्वाचे. फार जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असे. पृथ्वीच्या वर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. तो उन्हातले घातक किरण अडवितो. आर-१२ सारख्या वायूंनी त्या थराला इजा होते. म्हणून १९८७ साली कॅनडातल्या माँट्रिअल शहरी देशोदेशींचा करार झाला. आपल्यासारख्या देशांनी असे वायू २०१० पासून बंद केले. तेव्हा पाटीवर आर-१२ दिसले, तर तो फ्रीज घेऊच नये. गळला तर तो गॅस पुन्हा मिळायचा नाही. आर-६००अ लिहिलेले असेल, तर तो गॅस पेट घेणारा असतो. त्याची दुरुस्ती शिकलेल्या मिस्त्रीकडूनच करावी.

मग आम्ही भाऊंना विचारले, "भाऊ, फ्रीज तुमचाच ना?"

भाऊ हसले. "म्हणजे काय, चोरीचा आहे होय?"

"तसं नाही. दारावर कंपनीचं चित्र आहे, म्हणून विचारलं."

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. पेये विकणाऱ्या कंपन्या पुष्कळदा दुकानदाराला फ्रीज नुसता वापरायला देतात. मालकी कंपनीचीच राहते. असा फ्रीज दुकानदाराला विकता येत नाही. आपण पैसे मोजायचे, आणि उद्या कंपनीचा माणूस येऊन फ्रीज घेऊन जायचा! भाऊंनी घरून पावती आणून दाखविली. फ्रीज त्यांच्याच नावावर होता. पावतीवर साल होते २००९. म्हणजे फ्रीज नऊ वर्षांचा, आणि त्यातले शेवटचे एक वर्ष बंद पडून राहिलेला.

४. डोळ्यांनी, हाताने, कानाने

तिसऱ्या दिवशी फ्रीज दुरुस्त करणारे मिस्त्री आणि गावचे वायरमन आले. पाहून देण्याचे मिस्त्रींनी दोनशे रुपये घेतले. एक जण म्हणाली, "नुसतं बघायचे दोनशे?" आक्का म्हणाल्या, "नऊ हजार बुडण्यापेक्षा दोनशे बरे."

वायरमननी आधी अर्थिंग पाहिले. फ्रीजचे अंग पत्र्याचे. आमचे हात सदा ओले. अर्थिंग नसेल आणि वीज पत्र्यात उतरली, तर माणूस जागीच जायचा. उंदरांनी कोठे वायर कुरतडली आहे का, तेही त्यांनी पाहिले. एका जागी कुरतडली होती. ती बदलली.

मिस्त्रींनी जाळी ब्रशने झाडायला लावली. ते म्हणाले, "धुळीने भरलेला फ्रीज तपासला, तर त्याच्यावर अन्याय होतो." जाळीतून ओंजळभर धूळ निघाली.

मग दाराचे रबर. भाऊंनी खिशातून दहाची नोट काढून दिली. नोट दारात धरायची आणि दार लावायचे. मग नोट ओढायची. रबर चांगले असेल, तर नोट घट्ट धरून ठेवते. वरच्या बाजूला नोट घट्ट राहिली. खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. दोन्ही दारांचे तेच.

काच पाहिली. काचेवर बाहेरून दव धरते. ते पुसले की जाते. पण दोन काचांच्या मध्ये धुके दिसले, तर ते पुसता येत नाही. त्याचा अर्थ काचांची सील गेली. भाऊंच्या फ्रीजची काच चांगली होती. ते आम्ही तसेच लिहिले. चांगले तेही लिहायचे, वाईट तेही लिहायचे.

मागे एका सांध्यापाशी तेलकट डाग होता. मिस्त्री तिथे बोट लावून म्हणाले, "गॅस गळतो तिथं तेलाचा डाग पडतो. गॅस थोडा गेलेला असणार."

"मग भरून टाकू," एक जण म्हणाली.

"आधी गळती शोधून बंद करायला हवी. नाही तर पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरण्यासारखं आहे. आज भराल, दोन महिन्यांनी पुन्हा भराल."

५. एक दिवस चालवून पाहिला

आता खरी परीक्षा. वायरमननी एक सब-मीटर मध्ये जोडून दिला. भाडेकरूचे बिल वेगळे मोजायला असतो, तसला. सकाळी सात वाजता फ्रीज चालू केला. मीटरवर आकडा होता ४१२.६. काकूंनी तो वहीत लिहिला.

तीन तास फ्रीज रिकामा चालू दिला. मग दहा वाजता पाण्याच्या दहा बाटल्या आत ठेवल्या. एका बाटलीचे झाकण काढून दर वेळी तिच्यातच थर्मामीटर बुडविला. हा तापाचा थर्मामीटर नव्हे बरे. डेअरीत दुधाला लावतात, तो. आमच्या वहीत आकडे असे:

सकाळी १० वाजता: ३० अंश.
दुपारी १ वाजता: २१ अंश.
संध्याकाळी ५ वाजता: १४ अंश.
दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता: ९ अंश.

नऊच्या खाली पारा गेला नाही. दुधातुपाचा माल टिकायचा तर चार-पाच अंशांपर्यंत तरी थंडी हवी. नऊ अंशांवर ताक लवकर आंबत नाही, हे खरे. पण ते दूध ठेवण्याच्या कामाचे नाही.

कानानेही एक गोष्ट कळली. चांगला फ्रीज पुरेसा गार झाला की मोटर आपोआप थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. भाऊंचा फ्रीज दिवसभर घुं-घुं करीत राहिला. तो थांबलाच नाही. रात्री अकराला आम्ही गेलो, तेव्हा चालू. पहाटे चारला काकू एकट्या जाऊन आल्या, तेव्हाही चालू.

सकाळी सातला मीटर वाचला. ४२१.४. वजाबाकी केली. ४२१.४ वजा ४१२.६ म्हणजे ८.८. चोवीस तासांत फ्रीजने ८.८ युनिटे वीज खाल्ली.

एक युनिट म्हणजे किती? १००० वॉटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट होते. १०० वॉटचा दिवा दहा तास जळला, तरी एक युनिट होते.

६. कागदावरचा हिशेब

त्या रात्री वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या गाळ्याचे विजेचे बिल काढले. बिलाची सारी रक्कम वापरलेल्या युनिटांनी भागली. एक युनिट सुमारे १० रुपयांना पडत होते.

जुना फ्रीज कामाला लावायला काय लागेल?

फ्रीज: ९,००० रुपये.
टेम्पो: ८०० रुपये.
दोन दारांचे रबर: १,४०० रुपये.
गळती काढून गॅस भरणे: २,६०० रुपये.
स्टॅबिलायझर: २,००० रुपये.
एकूण: १५,८०० रुपये.

नऊ हजारांचा फ्रीज पंधरा हजार आठशेला गेला! फळ्यावर बेरीज झाली, तेव्हा मागून कोणी तरी म्हणाले, "अगं बाई!"

नव्या फ्रीजची चौकशी आम्ही संगमनेरला केली होती. तो याच्याहून लहान, पण आमच्यापुरता होता. सांगितलेली किंमत २८,०००. टेम्पो ८००. स्टॅबिलायझर २,०००. एकूण ३०,८००. त्याच्या माहितीपत्रकात दिवसाला साडेतीन युनिटे दिली होती.

आता रोजची वीज पाहा. जुन्याला दिवसाचे ८८ रुपये. नव्याला ३५ रुपये. फरक ५३ रुपये. नव्यासाठी १५,००० रुपये अधिक मोजायचे. १५,००० ला ५३ ने भागले. भागाकार आला सुमारे २८३. म्हणजे फ्रीज रोज चालवला, तर २८३ दिवसांत नव्याचे जादा पैसे वसूल. पण आम्ही ताक विकतो उन्हाळ्याचे चार महिने. म्हणजे १२० दिवस. त्या हिशेबाने जादा पैसे वसूल व्हायला तिसरा उन्हाळा उजाडतो.

हे नीट ध्यानात घ्या. फ्रीज वर्षभर चालवायचा असेल, तर जुना महाग पडतो. वर्षातून थोडे दिवस चालवायचा असेल, तर जुना परवडूही शकतो. 'जुने ते वाईट' असा नियम नाही. 'नवे ते चांगले' असाही नाही. दिवस मोजावे लागतात.

"दुरुस्तीनंतर वीज कमी लागेल ना?" आक्कांनी मिस्त्रींना फोनवर विचारले.

"लागेल. सहा युनिटांवर येईल कदाचित. पण लेखी देणार नाही," मिस्त्री म्हणाले. खरे बोलणारा माणूस.

मग ताईंनी विचारले, "पण तुम्ही दुपारी विकणार किती पेले?"

कोणालाच सांगता येईना. एक म्हणे तीस, एक म्हणे शंभर. शेवटी चाळीस धरले. चाळीस पेले गुणिले चार रुपये, म्हणजे दिवसाची कमाई १६० रुपये. त्यातून विजेचे ८८ गेले की उरले ७२. सात वेळा फाट्यावर उन्हात बसायचे, तेव्हा पाचशे रुपये दिसायचे. आणि १५,८०० रुपये अडकलेले ते वेगळेच.

नवा घ्यावा, तर ३३,००० मधून ३०,८०० जाणार. उरणार २,२००. उद्या कोणाच्या घरी दवाखाना निघाला, तर गट काय देणार?

७. ठरले काय?

बराच वेळ कोणी बोलेना. मग काकू म्हणाल्या, "आपण उलट्या टोकानं चाललोय. गिऱ्हाईक किती ते ठाऊक नाही, आणि फ्रीज घ्यायला निघालो. आधी बर्फावर विकून बघू."

सगळ्यांना पटले. दीड हजारात एक मोठी थर्माकोलची पेटी आणि दोन स्टीलच्या बरण्या घेतल्या. रोज ५० रुपयांचा बर्फ आणायचा. बर्फ बरणीच्या बाहेर, ताक बरणीच्या आत. बर्फ ताकात घालायचा नाही. विकत मिळणारा सगळाच बर्फ खाण्याजोगा नसतो. महाराष्ट्रात २०१८ सालीच नियम लागू झाला की, जो बर्फ खाण्याचा नाही, त्याला निळसर रंग द्यावा. निळा बर्फ दिसला, की तो पोटात घालायचा नाही, एवढे लक्षात ठेवावे.

भाऊंना नकार द्यायला आम्ही सगळ्या गेलो. मनातून थोडे भ्यालो होतो. दोन-तीन दिवस त्यांनी शटर उघडे ठेवले होते, वीज वापरू दिली होती. आम्ही विजेचे ८८ रुपये पुढे केले आणि वही दाखविली.

भाऊंनी वही वाचली. एकेक आकडा वाचला. 'काच चांगली आहे' हेही वाचले. मग त्यांनी विचारले, "अक्षर कोणाचं?"

"माझं," काकू म्हणाल्या.

भाऊ खाली बघू लागले. जरा वेळाने म्हणाले, "वही खरी आहे. एवढी वीज खातो, हे मलाही ठाऊक नव्हतं." ८८ रुपये त्यांनी घेतले नाहीत.

पुढे तो फ्रीज भंगारात गेला. न्यायच्या आधी मिस्त्रींनी त्यातला गॅस टाकीत काढून घेतला. तो हवेत सोडू नये. भाऊंनी दारेही काढून ठेवली होती. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये मुले खेळता-खेळता शिरतात. दार लागले, तर आतून गुदमरतात. आपल्या गावात असे काही पडून असेल, तर आधी त्याचे दार काढा.

८. पुढचा उन्हाळा

बर्फावरचा धंदा कसा झाला? पहिल्या आठवड्यात दुपारचे पस्तीस-चाळीस पेले गेले. मेमध्ये नव्वदपर्यंत गेले. एस.टी.चे चालक-वाहक बांधून घेतल्यासारखे येऊ लागले. पाऊस सुरू झाला, तेव्हा खर्च वजा जाता अकरा हजारांहून थोडे अधिक उरले होते. आता आम्हांला आमचे गिऱ्हाईक ठाऊक झाले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही फ्रीज घेतला. आणि सांगायला हरकत नाही, तोही जुनाच! संगमनेरात थंड पेयांचे एक दुकान बंद होत होते. एका दाराचा, चार वर्षांचा फ्रीज. मालकाच्या नावाची पावती होती. आम्ही सगळी परीक्षा पुन्हा घेतली. नोट चारी बाजूंनी घट्ट राहिली. पाण्याच्या बाटल्या संध्याकाळपर्यंत पाच अंशांवर आल्या. मोटर थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. चोवीस तासांत ४.१ युनिटे गेली. मालक बारा हजार म्हणत होते. साडेअकरा हजारांना सौदा झाला.

टेम्पोत फ्रीज उभाच आणला. आडवा केला, तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते. उभा आणूनही रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी सुरू केला. भिंतीपासून एक हात पुढे ठेवला. मागच्या जाळीला वारा लागला पाहिजे ना!

पहिली बरणी काकूंनी आत ठेवली. मग त्यांनी मीटरचा आकडा पाहिला आणि वही उघडली.

लक्षात ठेवा

१. सांगितलेली किंमत ही खरी किंमत नव्हे. वाहतूक, दुरुस्ती आणि रोजची वीज तिच्यात मिळवा.
२. पावती पाहा. वस्तू विकणाराचीच आहे ना, ते विचारा. विचारण्यात अपमान नाही.
३. अर्थिंग तपासल्यावाचून फ्रीजला हात लावू नका.
४. एक दिवस चालवून, मीटर वाचून मगच पैसे द्या. विकणारा चालवू देत नसेल, तर तेच उत्तर समजा.
५. चांगले-वाईट दोन्ही लिहा. राग आणि लोभ दोन्ही हिशेबाबाहेर ठेवा.
६. आधी गिऱ्हाईक, मग यंत्र.

आता तुम्ही हिशेब करा

१. एका फ्रीजच्या मीटरवर सकाळी ७ वाजता १५०.२ आकडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता १५५.७ झाला. किती युनिटे गेली? एक युनिट १० रुपयांचे धरले, तर दिवसाचा खर्च किती?
२. भाऊंचा फ्रीज दुरुस्तीनंतर दिवसाला ६ युनिटांवर आला असता, तर नव्याशी तुलना करता रोजचा फरक किती राहिला असता? १५,००० रुपये किती दिवसांत वसूल झाले असते? १२० दिवसांचा एक उन्हाळा धरला, तर किती उन्हाळे लागले असते?
३. तुमच्या घरचे विजेचे बिल घ्या. एकूण रकमेला युनिटांनी भागा. तुम्हांला एक युनिट केवढ्याला पडते?

विचार करा

काकूंनी फ्रीज नीट तपासायला का सांगितले? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? घरी चार माणसांशी बोला आणि वहीत पाच ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

आंबोण: गुरांसाठी भिजवलेले खाद्य.
जाळी: फ्रीजच्या मागच्या नळ्या. यांतून उष्णता बाहेर पडते.
अर्थिंग: पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी तार.
सब-मीटर: एका यंत्राची किंवा एका खोलीची वीज वेगळी मोजणारा मीटर.
वसूल होणे: घातलेले पैसे परत येणे.